एकच गिटारवादक, दोन बँड : नवी चाल कोणत्या खोलीत न्यावी?

रूपक_सात (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात राहतो, गेली नऊ वर्षे गिटार वाजवतो आणि सध्या दोन ठिकाणी गाणी रचतो. पहिला आमचा चार जणांचा रॉक बँड आहे. तिथे गिटारचा एखादा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) किंवा ड्रमचा एखादा ठेका आधी सापडतो, त्यावर आम्ही चौघे सराव करता करता गाण्याचा सांगाडा उभा करतो आणि मराठी शब्द अगदी शेवटी लिहितो. दुसरा उपक्रम तिघांचा आहे. त्यात हार्मोनियम, तबला आणि माझी अकूस्टिक गिटार एवढीच वाद्ये असून, कवींची रीतसर परवानगी घेऊन आम्ही त्यांच्या कवितांना चाली लावतो. तिथे कविता आधीच पूर्ण झालेली असते आणि तिच्यातला एकही शब्द बदलण्याचा आम्हाला अधिकार नसतो.

या दोन पद्धती एकमेकींपासून दूर राहतील, असे मी बरीच वर्षे गृहीत धरले होते. दीड वर्षापूर्वी बँडच्या सरावात सात मात्रांचा एक रिफ तयार झाला. आम्ही तो फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवला, परंतु त्याचे गाणे काही झाले नाही. गेल्या हिवाळ्यात एका कवितेवर काम करताना तीच सुरावट माझ्या हातातून पुष्कळ संथ लयीत उतरली, कवितेची ओळ तिच्यावर जणू आपसूक बसली आणि रूपक तालात ते गाणे आम्ही एका छोट्या कार्यक्रमात सादरही केले. आमचा ड्रमर तो कार्यक्रम ऐकायला आला होता. नंतर तो मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाला, ‘अरे, ती चाल आपली होती.’ तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि त्यामुळेच हा विषय माझ्या मनातून जात नाही.

अनेक बँडमध्ये एकाच वेळी काम करणारे संगीतकार हे कसे हाताळतात? सुचलेली चाल कोणत्या उपक्रमाची आहे, हे ते आधी ठरवतात की गाणे पूर्ण झाल्यावर? दर ठिकाणी ते रचनेची पद्धत जाणीवपूर्वक बदलतात का? आणि एका खोलीत जन्मलेली सुरावट दुसऱ्या खोलीत नेणे योग्य आहे का? ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे किंवा ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसरी_तार

आपल्या प्रश्नाला अगदी जवळचे उदाहरण ब्रिटिश गीतकार-संगीतकार डेमन अल्बार्न याचे आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. १९८८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ब्लर या चौघांच्या बँडचा तो गायक आहे, आणि १९९८ मध्ये चित्रकार जेमी ह्यूलेट याच्यासह त्याने गोरिलाझ हा कार्टून पात्रांचा बँड उभा केला. २००३ मध्ये ब्लरच्या अमेरिका दौऱ्यात त्याने हॉटेलांच्या खोल्यांमध्ये काही कच्ची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्याच वर्षी ती ‘डेमोक्रेझी’ या नावाने जशीच्या तशी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ‘आय नीड अ गन’ या कच्च्या गाण्यातून पुढे गोरिलाझचे ‘डर्टी हॅरी’ तयार झाले आणि ते २००५ च्या अल्बममध्ये आले. त्याच संग्रहातले ‘हाफ अ साँग’ मात्र नावाप्रमाणे अर्धेच राहिले. ते तब्बल २० वर्षांनी पुरे झाले आणि ब्लरच्या २०२३ च्या ‘द बॅलड ऑफ डॅरन’ या अल्बमचे पहिले गाणे बनले. म्हणजे एकाच दौऱ्यात, एकाच माणसाला सुचलेल्या दोन चाली दोन वेगळ्या बँडांच्या घरी गेल्या, आणि त्या सुचल्या तेव्हा यातले काहीच ठरलेले नव्हते.

याच्या उलट प्रवासही त्याने केला आहे. ‘द बॅलड ऑफ डॅरन’मधली बरीचशी गाणी त्याने २०२२ मध्ये गोरिलाझच्या दौऱ्यावर असताना लिहिली. गोरिलाझसाठी प्रवास करावा आणि लेखणीतून ब्लरची गाणी उतरावीत, हे मला फार बोलके वाटते. चाल सुचते तेव्हा आपण कुठे आहोत, यावर ती कोणाची हे ठरत नाही. पुढे कोणाच्या हातांनी ती पुरी होणार आहे, यावर ते ठरते.

आता पद्धतीविषयी. ब्लरमध्ये अल्बार्नच्या चालीला ग्रॅहम कॉक्सनच्या गिटारचा सामना करावा लागतो. कॉक्सन आज्ञेप्रमाणे साथ करणारा वादक नव्हे, चालीचा स्वभाव पालटू शकणारा सहरचनाकार आहे. मे २०१३ मध्ये जपानमधला एक महोत्सव रद्द झाला, तेव्हा ब्लरने हाँगकाँगमध्ये मिळालेल्या पाच दिवसांत एका स्टुडिओत बसून पुष्कळसे संगीत वाजवून ठेवले. ते तसेच पडून राहिले. पुढे कॉक्सनने निर्माता स्टीव्हन स्ट्रीट याच्यासह त्या ध्वनिफितींतून गाण्यांचे आकार शोधून काढले, मग अल्बार्न शब्द लिहिण्यासाठी पुन्हा हाँगकाँगला गेला, आणि २०१५ मध्ये ‘द मॅजिक व्हिप’ प्रसिद्ध झाला. गिटारवादकाने सांगाडा उभा करावा आणि गायकाने त्यात शेवटी शब्द भरावेत, ही तर आपल्या रॉक बँडचीच रीत झाली.

गोरिलाझची रीत निराळी आहे. तिथे अल्बार्न बहुधा एकटा बसून पाया घालतो आणि पाहुण्यांसाठी जागा मोकळी ठेवतो. ‘क्लिंट ईस्टवूड’ या गाण्याचा ठेका सुझुकी कंपनीच्या ऑम्निकॉर्ड या छोट्या वाद्यात आधीच भरलेला तयार ठेका आहे, हे त्याने स्वतः एका मुलाखतीत ते वाद्य वाजवून दाखवले आहे. त्यावर धृपदाची ओळ त्याची आणि कडव्यांतला रॅप डेल द फंकी होमोसेपियन या पाहुण्या कलाकाराचा. अशा गाण्यात रचनाकाराचे मोठे कौशल्य किती भरावे यापेक्षा किती रिकामे ठेवावे यात असते. हीच मोकळी जागा त्याने ब्लरमध्ये ठेवली असती, तर कॉक्सनने ती गिटारने भरली असती आणि गाणे वेगळेच झाले असते.

दुसरे उदाहरण थोडक्यात देतो. रेडिओहेडचा गायक टॉम यॉर्क याने ‘स्कर्टिंग ऑन द सर्फेस’ हे गाणे २००९ मध्ये स्वतःच्या दुसऱ्या वादकसमूहासह रंगमंचावर आणले, २०१२ च्या दौऱ्यात तेच गाणे रेडिओहेडने वाजवले, आणि अखेर २०२२ मध्ये ते ‘द स्माइल’ या तिघांच्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये प्रसिद्ध झाले. तीन वेगवेगळे वादकसमूह आणि १३ वर्षे एवढा प्रवास एका गाण्याला करावा लागला. द स्माइलमध्ये यॉर्कसोबत रेडिओहेडचाच जॉनी ग्रीनवुड आहे. तिथे नवीन माणूस एकच आहे, जॅझच्या परंपरेतून आलेला ड्रमर टॉम स्किनर. एक ड्रमर बदलल्याने गाण्यांची चाल-चलणूक किती बदलते, हे ऐकायचे असेल तर दोन्ही बँड लागोपाठ ऐकावेत. आपल्या ड्रमरला काय वाटले असेल, याचे उत्तर मला तरी त्यातच दिसते.

मंद्र_पंचम

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातील उदाहरणांत शब्द बहुतेक वेळा मागाहून येतात किंवा संगीतकारच ते लिहितो. रूपक_सात यांच्या दुसऱ्या उपक्रमात परिस्थिती नेमकी उलट असल्यामुळे मी आपल्या परंपरेतला अनुभव मांडतो. मी डोंबिवलीत गेली वीस-बावीस वर्षे भावगीतांना आणि एकांकिकांना चाली लावत आलो आहे.

शब्द आधी हातात असले, की चालीचे निम्मे निर्णय भाषेनेच घेतलेले असतात. ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर ठेवला तर शब्द विद्रूप होतो, आणि शब्द चुकीच्या जागी तोडला तर अर्थच बदलतो. ‘ओळखीचा’ हा साधा शब्द घ्या. तालाच्या सोयीसाठी ‘ओळ’वर थांबून ‘खीचा’ पुढच्या मात्रेवर टाकला, तर श्रोत्याला क्षणभर कवितेची ओळ ऐकू येते आणि ओळख हरवते. गिटारवर आधी सुचलेल्या चालीत अशा जागा पदोपदी येतात, कारण ती चाल कोणत्याही शब्दाला बांधील नसते. बँडमध्ये आपण अशा वेळी शब्द बदलता. कवितेच्या उपक्रमात आपल्याला चाल बदलावी लागते. या एका फरकातून दोन्ही ठिकाणच्या गाण्यांचे स्वभाव वेगळे होत असावेत, असे माझे मत आहे.

एकाच संगीतकाराने दोन प्रकारच्या कामांत काय केले, हे पाहायचे असेल तर सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांच्याकडे पाहावे. १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले आणि १९५६ च्या एप्रिलपर्यंत ५६ गीते प्रसारित झाली. दर आठवड्याला ग. दि. माडगूळकरांकडून नवे गीत यायचे आणि बाबूजींनी त्याला चाल लावून ते ठरलेल्या दिवशी उभे करायचे, असा तो नेम होता. बहुतेक गीते रामकथेतल्या एखाद्या पात्राच्या तोंडी होती, त्यामुळे चालीला संगीतकाराच्या आवडीपेक्षा त्या पात्राच्या मनःस्थितीकडे पाहावे लागत होते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे निरनिराळे आवाज त्यात होते. पुढे तीच गीते बाबूजींनी वर्षानुवर्षे रंगमंचावर एकट्याने गायली. रेडिओवर अनेक कंठांत वाटलेली कथा एका कंठातून सांगायची म्हटल्यावर प्रत्येक पात्राचा वेगळेपणा केवळ शब्दोच्चार, लय आणि ठहराव यांतून दाखवावा लागतो. चाली त्याच राहिल्या तरी काम वेगळे झाले.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. गीतरामायणाचे पहिले गीत, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’, भूप रागात आहे. १९६१ च्या ‘भाभी की चूड़ियाँ’ या हिंदी चित्रपटासाठी बाबूजींनीच पंडित नरेंद्र शर्मा यांच्या ‘ज्योति कलश छलके’ या गीताला लावलेली चाल अनेक जण देशकार रागाची मानतात. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच आहेत : सा, रे, ग, प, ध. भूपात वजन गंधारावर (ग) असते, देशकारात ते धैवतावर (ध) जाते आणि गाणे वरच्या अंगाने चालू लागते. हे स्वर एकदा गीतरामायणात वापरले, आता चित्रपटात कसे वापरू, असा प्रश्न तिथे उद्भवत नाही, कारण मालकी स्वरांची नसते. वजन कुठे ठेवले, न्यास कुठे केला (कोणत्या सुरावर विसावलो), शब्द कुठे टेकवला, या निर्णयांनी रचना होते. तेव्हा रूपक_सात यांनी आधी हे तपासावे, की कवितेच्या गाण्यात बँडच्या रिफमधले केवळ स्वर आले आहेत की ते निर्णयही आले आहेत.

डग्गा

मी मुळात तबला शिकलो आणि गेली काही वर्षे ड्रमही वाजवतो. तिसरी_तार यांनी ड्रमरचा उल्लेख केला म्हणून मुद्दाम लिहायला बसलो आहे, कारण आमच्या बाजूची एक गोष्ट या चर्चेत यायला हवी.

रॉक बँडमध्ये सात मात्रांचा रिफ बहुधा चार-तीन असा मोडतो आणि पहिल्या मात्रेवर बास ड्रमचा जड ठोका पडतो. रूपकाची मांडणी तीन-दोन-दोन असते आणि त्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे डग्ग्याविना वाजणाऱ्या मात्रेवर, येते : ती ती ना, धी ना, धी ना. म्हणजे जिथे बँडचे सगळे वजन असते, नेमक्या तिथे रूपकात डग्गा (तबल्याच्या जोडीतला जड आवाजाचा डावा) गप्प असतो. तेव्हा रिफ रूपकात बसवताना आपल्याला त्याचा मुखडा (सुरुवातीची जागा) सरकवावा लागला असणार. बहुधा पाचवी मात्रा पहिली झाली असावी, म्हणजे तीन आधी आले आणि चाराचे दोन-दोन झाले. असे झाले असेल, तर मंद्र_पंचम म्हणतात त्याप्रमाणे वजनाचा निर्णय बदललेला आहे आणि ती वेगळी रचना आहे, हे मी तबलजी म्हणून मान्य करतो.

तरीही आपल्या ड्रमरचे म्हणणे मला पटते. गिटारवादक घरी जाताना सुरावट बोटांत घेऊन जातो. ड्रमर मात्र काहीच घेऊन जात नाही, कारण त्याने दिलेली गोष्ट गाण्याच्या आतच विरघळलेली असते. तो रिफ साताचा झाला, तो कोणामुळे झाला? ड्रमरने एक मात्रा गाळली म्हणून आठाचा सात झाला असेल, तर चालीचा जन्मच त्या गाळलेल्या मात्रेतून झाला. पुढे तबल्यावर ती वाजली, लोकांनी दाद दिली आणि ज्याच्यामुळे ती साताची झाली तो प्रेक्षकांत बसून होता. यात फसवणूक कुठेही नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी त्याला कसे वाटले असेल, हेही मला ठाऊक आहे.

श्रेय कसे वाटावे यावर मोठ्या बँडांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत. रेडिओहेडची गाणी पाचही जणांच्या नावे असतात. क्वीन या बँडमध्ये पूर्वी ज्याने गाणे लिहिले त्याचे नाव लागत असे, आणि १९८९ च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी क्वीनच्या नावे लावायला सुरुवात केली. ब्लरमध्ये शब्दांचे श्रेय अल्बार्नचे आणि संगीताचे चौघांचे, अशी विभागणी दिसते. मला ही तिसरी पद्धत आपल्याकडच्या बँडांना सर्वांत सोयीची वाटते, कारण आपल्या कायद्यातही शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कृती मानलेल्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र गोष्ट ठरते. बहुतेक हौशी बँडांमध्ये हे कोणी कागदावर लिहून ठेवत नाही, आणि गाणे प्रसिद्ध होण्याच्या सुमारास मने दुखावतात.

खोल्यांमधली देवाणघेवाण आधीच मान्य करून सुरू केलेला उपक्रमही असू शकतो. अमेरिकन गिटारवादक जॉश हॉमी याने १९९७ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री येथील रँचो दे ला लूना या स्टुडिओत ‘डेझर्ट सेशन्स’ भरवायला सुरुवात केली. वेगवेगळ्या बँडांतले वादक तिथे थोडेच दिवस एकत्र राहतात आणि गाणी तिथल्या तिथे रचून ध्वनिमुद्रित करतात. त्यांतल्या काही गाण्यांना पुढे हॉमीच्या मुख्य बँडमध्ये, म्हणजे क्वीन्स ऑफ द स्टोन एजमध्ये, दुसरा जन्म मिळाला. ‘हँगिन ट्री’ हे २००१ च्या सेशन्समधले गाणे बँडच्या २००२ च्या अल्बममध्ये आले, आणि २००३ च्या सेशन्समधले ‘आय वाना मेक इट विद चू’ हे २००७ च्या अल्बममध्ये. दोन्ही रूपे उघडपणे प्रसिद्ध आहेत आणि कोणते कशातून आले हे कोणीही ऐकून सांगू शकते. आपल्या बाबतीत पहिले रूप फक्त चौघांच्या फोनमध्ये होते. ते लोकांसमोर कधी आलेच नाही, आणि मला वाटते दुखण्याचे मूळ तिथे आहे.

तिसरी_तार

डग्गा यांनी तालाची केलेली फोड वाचून मी माझ्याकडची दोन-तीन सातमात्रिक गाणी पुन्हा ऐकली, आणि त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मंद्र_पंचम यांच्या एका विधानाला मात्र मी थोडी मुरड घालू इच्छितो. शब्द आधी आले की चालीचे निम्मे निर्णय भाषा घेते, हे खरे आहे. पण शब्द मागाहून आले तरी भाषा गप्प बसत नाही. आमच्या बँडमध्ये चाल तयार होत असताना गायक निरर्थक अक्षरे गुणगुणतो आणि ती अक्षरे बहुतेक वेळा इंग्रजी वळणाची असतात, कारण आम्ही जे रॉक संगीत ऐकत मोठे झालो ते इंग्रजीत होते. इंग्रजीत आघाताने शब्द उभा राहतो, मराठीत अक्षरांच्या लांबीला महत्त्व आहे. म्हणून शेवटी मराठी शब्द लिहायला बसलो की सगळी कडवी आखूड, तुटक शब्दांनी भरतात आणि लांब क्रियापदे बाहेर राहतात. गेल्या वर्षीपासून गायकाने मराठी अक्षरांतच गुणगुणायचे असे आम्ही ठरवले, अर्थ नसला तरी चालेल. एवढ्यानेही चालींचा पल्ला वाढला. रूपक_सात यांच्या बँडलाही हे करून पाहण्याजोगे आहे.

रूपक_सात

सर्वांचे मनापासून आभार. डग्गा, आपला अंदाज खरा ठरला. मी काल रात्री जुने ध्वनिमुद्रण काढून ऐकले. सुरुवातीला रिफ आठ मात्रांचाच होता आणि अकराव्या-बाराव्या आवर्तनाच्या सुमारास आमच्या ड्रमरने शेवटची मात्रा गाळायला सुरुवात केली. पुढची काही आवर्तने आम्ही तिघे अडखळलो आहोत, मग सावरलो आहोत, आणि मागे मी ‘हे ठेव, हे ठेव’ असे ओरडल्याचे स्पष्ट ऐकू येते. दीड वर्षात मी ते पूर्णपणे विसरलो होतो आणि साताची कल्पना माझी होती, असेच मला प्रामाणिकपणे वाटत होते.

मुखडाही खरोखर पाचव्या मात्रेपासून सुरू झाला आहे. कवितेची पहिली ओळ तीन मात्रांच्या शब्दाने उघडते, म्हणून हात आपोआप तिकडे वळला असावा. त्यामुळे वजनाचा निर्णय कवितेचा, स्वरांची मांडणी माझी आणि साताचा घाट ड्रमरचा, असे आता मला दिसते. मंद्र_पंचम यांनी सांगितलेली कसोटी लावल्यावर हे इतके स्वच्छ वेगळे होईल असे वाटले नव्हते.

आज सायंकाळी मी ड्रमरला ते ध्वनिमुद्रण पाठवले आणि ज्या मिनिटाला मात्रा गळली ते मिनिटही कळवले. कवितेचे गाणे ध्वनिमुद्रित होईल तेव्हा संगीतात त्याचे नाव असावे, यासाठी उपक्रमातल्या दोघांशी मी आधीच बोललो आहे आणि त्यांनी लगेच होकार दिला. त्याने उत्तरात नावाविषयी काही लिहिले नाही. रविवारच्या सरावात तो रिफ मूळ वेगात, चार-तीन धरून, पुन्हा वाजवायचा का, एवढेच त्याने विचारले आहे.

डग्गा

जरूर वाजवा. मात्र त्या दिवशी कवितेची चाल डोक्यात ठेवून जाऊ नका, नाहीतर बोटे पाचव्या मात्रेकडे ओढली जातील. पहिली दहा-पंधरा मिनिटे गिटार बाजूला ठेवून त्याला एकट्याला साताचा ठेका धरू द्या, आणि तुम्ही तिघांनी फक्त टाळी द्यावी.